मावशीचं पुडकं: मेलबर्न विमानतळावरचं एक प्रकरण

हे प्रकरण फेब्रुवारी २०२५ मधलं. ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही नाती आणि तपशील बदलले आहेत, पण बॅगेतल्या वस्तू आणि त्यांचं पुढे काय झालं ते जसंच्या तसं आहे. मी त्यांच्या मुलीचा शेजारी. आमच्या भागात कुणाचे आईवडील यायचे असले की सामानाची यादी एकदा माझ्या नजरेखालून जाते. ही यादीही आली होती. पुढे जे घडलं त्यात दोन चुका माझ्या आहेत, त्या त्या जागी सांगेन.

पार्श्वभूमी

मुलगी आणि जावई मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये राहतात. पहिलं बाळंतपण मार्चमध्ये होतं. आईवडील सातारा जिल्ह्यातले, घरची शेती, दारात दोन म्हशी आणि एक गाय. काका सदुसष्ट वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब. काकू एकसष्टच्या. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास, मुंबईहून सिंगापूरमार्गे मेलबर्न, मुक्काम पाच महिन्यांचा.

आधी दुबईमार्गे स्वस्त तिकीट मिळत होतं. पण तेव्हाच्या यादीत अर्धा किलो खसखस होती, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणं अमली पदार्थाच्या गुन्ह्यात धरलं जातं. बॅगा थेट पुढे जातात हे खरं, पण मधेच विमान चुकलं आणि बॅगा ताब्यात घ्याव्या लागल्या तर? हा धोका खसखशीच्या किमतीचा नव्हता. तिकीट बदललं. खसखस पुढे राहिलीच नाही, ती गोष्ट वेगळी.

काकूंची त्यानंतरची यादी कालनिर्णयाच्या मागच्या पानावर होती, जावयानं तिचा फोटो मला पाठवला. डिंकाचे लाडू चार किलो. आळीव. बाळंतशोपा. सुंठ. धने, जिरे, सुक्या मिरच्या. कांदा-लसूण मसाला दोन किलो. सातारचे कंदी पेढे दोन किलो (बाळ झाल्यावर वाटायला). बाळगुटीचं सामान, म्हणजे वेखंड, हिरडा, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, ज्येष्ठमध वगैरे, आणि उगाळायला सहाण. सावंतवाडीची लाकडी खेळणी. चांदीचे वाळे, सोन्याचं एक छोटं पदक. औषधं सहा महिन्यांची. शेवटी, खाली वेगळ्या अक्षरात, काकांनी लिहिलेलं: नवे बूट घेणे? आणि त्यापुढे काकूंचं: जुने चांगले आहेत.

अडचण नेमकी काय होती

ऑस्ट्रेलियात विमानतळावर प्रवाशाची दोन वेगळ्या बाजूंनी तपासणी होते, आणि आपले लोक ती एकच समजतात. एक बाजू कस्टम्सची: पैसे, दारू, तंबाखू, महागड्या वस्तू, औषधं. दुसरी बाजू बायोसिक्युरिटीची, म्हणजे बाहेरची कीड आणि रोग देशात येऊ नयेत याची: अन्न, बी-बियाणं, लाकूड, माती, प्राण्यांपासून आलेलं काहीही. आपण सगळे पहिल्या बाजूला घाबरतो. सोनं किती चालेल, रोख किती चालेल, हे दहा जणांना विचारतो. प्रत्यक्षात भारतातून येणारं कुटुंब अडकतं ते दुसऱ्या बाजूला. काकूंच्या यादीतल्या पदकाबद्दल मला तीन फोन आले, धन्याबद्दल एकही नाही.

पदकाचं उत्तर सोपं होतं. प्रौढ प्रवाशाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात, भेटवस्तू आणि दागिने त्यातच मोजतात, एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाला मर्यादा एकत्र करता येते. मेख एवढीच, की मर्यादा ओलांडली तर कर वरच्या रकमेवर नाही, त्या प्रकारच्या सगळ्या वस्तूंवर लागतो. वाळे आणि पदक मिळून मर्यादेच्या बरेच खाली होते. रोख रक्कम १०,००० डॉलर किंवा जास्त असली तर जाहीर करावी लागते, यांच्याकडे तेवढी नव्हती. हा विषय इथेच मिटला.

धन्याचं उत्तर मात्र लांबचं. आपल्याकडे साठवलेल्या धान्यात खपरा भुंगेरा होतो. त्याच्या अळ्या अन्नावाचून वर्षानुवर्षं फटीत दबा धरून राहू शकतात. ऑस्ट्रेलियात तो नाही. २०२० मध्ये तो आयात झालेल्या फ्रिजच्या आणि लहान मुलांच्या उंच खुर्च्यांच्या खोक्यांमध्ये सापडला, आणि त्यानंतर त्याच वर्षी प्रवाशांच्या सामानातून येणाऱ्या धान्य-मसाल्यांवर बंदी आली: तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, कच्चे शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या, भोपळावर्गीय भाज्यांचं बी. यादी वाचली तर मराठी घरातल्या डब्यांच्या मांडणीसमोर उभं राहून कुणी लिहिलीय असं वाटतं.

दुसरी भीती जनावरांच्या लाळ्या-खुरकताची. ऑस्ट्रेलियात तो रोग १८७२ नंतर झालेला नाही, आपल्याकडे तो अजून आहे. म्हणून दुधाचे पदार्थ, त्यातही पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसमलाई यांना बंदी. दर दिवाळीला तिथलं कृषी खातं ही नावं घेऊन सूचना काढतं. आणि म्हणूनच शेतावर, जनावरांत वावरलेले बूट हाही त्यांच्या काळजीचा विषय.

विमानात मिळणाऱ्या इनकमिंग पॅसेंजर कार्डावर हे सगळं हो-नाहीच्या चौकटींत विचारलेलं असतं, आणि खाली सही. वस्तू आणणं ही चूक नाही, ती न सांगणं हा गुन्हा, असा २०१५ च्या बायोसिक्युरिटी कायद्याचा एकूण रोख आहे. तेव्हाच्या दरानं जागेवरचा दंड ६,६०० डॉलरपर्यंत जाऊ शकत होता, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या पुढे. २०१९ मध्ये सिडनीला एका परदेशी प्रवासी बाईंनी जवळपास दहा किलो अन्न, त्यात डुकराचं मांस, जाहीर न करता आणलं. त्यांचा व्हिसा रद्द करून त्यांना परत पाठवलं गेलं. बाळंतपणाला आलेल्या आईच्या बाबतीत असं झालं तर काय, हा विचार या घरात कुणाच्या डोक्यात नव्हता.

समोरचे पर्याय

नातेवाईकांचा पर्याय सगळ्यात सोपा होता: ‘सगळं न्या, कपड्यांत गुंडाळा, कार्डावर नाही लिहा. आमच्या वन्संनी तीनदा नेलंय, काही होत नाही.’ काही होत नाही हे अर्धं खरं आहे. प्रत्येक बॅग उघडली जात नाही. पण क्ष-किरण यंत्रं आहेत, लॅब्रॅडॉर कुत्रे आहेत, आणि वन्संना जेव्हा पकडतात तेव्हा त्या पुण्याला येऊन ते सांगत नाहीत.

दुसरा पर्याय मुलीचा: काहीच आणू नका, इथे सगळं मिळतं. मिळतं हे खरंच आहे. टार्नीट, पॉइंट कुक, डँडेनाँगच्या दुकानांत डिंक, आळीव, बाळंतशोपा, खारीक, गूळ, तूप, खसखस, सगळं. पण पहिलटकरणीच्या आईला रिकाम्या हातानं ये म्हणणं काकूंना फार लागलं. ‘मग मी कशाला येऊ?’ असं त्या फोनवर म्हणाल्याचं जावयानं सांगितलं. हा प्रश्न नियमांचा नव्हता, आणि नियम सांगून तो सुटलाही नसता.

तिसरा पर्याय आम्ही बसून काढला: चाळून आणायचं, आणि आणलं ते सांगायचं. लाडू इथे येऊन करायचे, त्यासाठी जावयानं आधीच सामान भरून ठेवायचं. धने, जिरे, मिरच्या, पेढे रद्द. खेळणी ठेवायची, पण साल किंवा भोकं असलेलं एकही लाकूड नको. औषधं तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह, मूळ वेष्टनात. प्रवाशाला सोबत तीन महिन्यांपुरतीच आणता येतात. पुढच्या दोन महिन्यांची इथल्या डॉक्टरकडून लिहून घ्यायची, आणि ती प्रत्यक्षात फार महाग पडली नाहीत.

दोन गोष्टींवर काकू अडल्या. एक घरचा मसाला, दुसरी गुटी. मसाल्यात सुकी मिरची आणि धने असतात, घरी कुटलेला, वेष्टन नाही, लेबल नाही. मी म्हटलं, तो जाईल. ‘जाऊ दे गेला तर. अर्धा किलो नेते. सांगून नेते.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण हे नियमात बसतं. जाहीर केलेली वस्तू काढून घेतली तरी दंड होत नाही. जाणार हे ठाऊक असून आणणं म्हणजे अधिकाऱ्याचा आणि आपला वेळ घालवणं आहे, पण गुन्हा नाही.

गुटीबद्दल मी तेवढा ठाम नव्हतो. वाळलेल्या मुळ्या, साली, फळं. कार्डावर पारंपरिक औषधं आणि वनस्पतींचे भाग यांचा वेगळा उल्लेख आहे, म्हणजे तपासणी नक्की. स्वच्छ आणि किडीशिवाय असतील तर काय ते अधिकारी ठरवतील, असं सांगितलं आणि प्रत्येक काडी उजेडात धरून बघा म्हटलं. (बाळाला सहा महिन्यांआधी दुधाशिवाय काही द्यावं का, हा वाद मुलीनं आणि इथल्या नर्सनं वेगळा घातला. त्यात मी पडलो नाही.)

बुटांचं काय? काका शेतावर चप्पल घालतात, पण गोठ्यात आणि बांधावर हेच जुने बूटही जातात. नवे घ्या म्हटलं. घेतले नाहीत. धुतले.

आणि आता माझी पहिली चूक. यादीतल्या प्रत्येक ओळीवर मी बोललो. यादीत नसलेलं काय असेल, हे विचारलं नाही.

विमानात

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काकूंच्या मावसबहिणीनं एक पुडकं आणून दिलं. तिचा मुलगा मेलबर्नलाच असतो. खाकी कागद, वरून चिकटपट्टीचे चार वेढे. ‘जरासा फराळ आहे, चिवडा-चकली.’ असं पुडकं नाकारण्याची आपल्याकडे सोय नाही. ते बॅगेत सगळ्यात खाली गेलं.

सिंगापूरहून उडाल्यावर कार्डं मिळाली. काकांना इंग्रजी वाचता येतं, सावकाश. मी सांगून ठेवलं होतं: खाण्याचे, झाडापाल्याचे, जनावरांचे जेवढे प्रश्न असतील त्या सगळ्यांना ‘हो’. औषधांच्या प्रश्नाला काकांनी हो लिहिलं. धान्य, बी, पारंपरिक औषधं, लाकूड या ओळीला हो. गेल्या तीस दिवसांत शेत किंवा शेतातल्या जनावरांशी संबंध आला का? यावर ते काकूंना म्हणाले, ‘अगं, काल सकाळी धार काढून निघालोय, नाही कसं म्हणू?’ हो.

मांस, मासे, अंडी, दूध, फळं, भाज्या या ओळीवर काकूंनी त्यांचा हात धरला. ‘अहो, यातलं आपल्याकडे काहीच नाही. पेढे तर आपण ठेवले. नसलेलं आहे म्हणून कसं लिहायचं? ते खोटंच झालं की.’ त्यांचं तर्कशास्त्र चोख होतं. काकांनी ‘नाही’वर खूण केली. दोघांनी आपापल्या कार्डावर सही केली.

या एका चौकटीवर मी नंतर खूप विचार केला. मी त्यांना ‘सगळ्यांना हो’ सांगितलं होतं, पण का, ते सांगितलं नव्हतं. ‘हो’चा अर्थ ‘माझ्याकडे आहे’ एवढाच नाही, ‘असू शकेल, तुम्ही बघा’ असाही होतो. खात्री नसेल तर हो लिहा, असं ते खातं स्वतःच सांगतं. हे कळलं असतं तर काकूंना ते खोटं वाटलं नसतं. प्रामाणिक माणसाला नुसता नियम सांगून भागत नाही.

विमानतळावर

टुलामरीनला बॅगा घेऊन पुढे गेल्यावर कार्ड पाहून त्यांना तपासणीच्या रांगेत पाठवलं. टेबलामागे एक मध्यमवयीन बाई होत्या, हातात निळे हातमोजे. पहिला प्रश्न: बॅगा तुम्ही स्वतः भरल्या का?

काका थांबले. त्यांच्याच शब्दांत: ‘हो म्हणायला तोंड उघडलं, आणि ते पुडकं डोळ्यांसमोर आलं.’ ते म्हणाले, बॅग आमची, एक पाकीट आमचं नाही. त्यात काय आहे ते आम्हाला माहीत नाही.

बाईंनी ते आधी मागितलं. कागद कापला. वर चकली, चिवडा. त्याखाली स्टीलचा चपटा डबा, त्यात कंदी पेढे. डब्याच्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेली कढीपत्त्याची डहाळी, पानं अजून ओलसर, आणि एक छोटी पुरचुंडी: दुधी भोपळ्याचं बी, घरचं, परसात लावायला.

दोन किलो पेढे घरी ठेवून आलेल्या काकू त्या डब्याकडे बघत राहिल्या. दूध नाही म्हणून सही केलेलं कार्ड टेबलावर शेजारीच होतं.

काका सांगतात, बाईंनी कार्ड उचललं, त्या ओळीवर पेन टेकवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. मग कुणाला तरी बोलावलं. दुसरा अधिकारी आला, त्यानं पुन्हा तेच प्रश्न विचारले: कुणी दिलं, केव्हा, तुम्ही उघडलं होतं का. काकांनी तेच सांगितलं. सुमारे दहा मिनिटं गेली. शेवटी समज दिली गेली की दुसऱ्यानं दिलेल्या सामानाची जबाबदारीही सही करणाऱ्याचीच, पुढच्या वेळी असं चालणार नाही. दंड झाला नाही.

इथे कुणी चुकीचा धडा घेऊ नये. दंड न होणं हा त्या अधिकाऱ्यांचा निर्णय होता, यांचा हक्क नव्हता. दोन गोष्टी यांच्या बाजूनं पडल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे: पुडकं उघडण्याआधी काकांनी ते स्वतःहून सांगितलं, आणि बाकीच्या ओळींवर ‘हो’ होतं, म्हणजे लपवायचा इरादा दिसत नव्हता. काका पाच मिनिटं उशिरा बोलले असते तर हे प्रकरण मला वेगळं लिहावं लागलं असतं.

पुढची तपासणी त्यामानानं शांत झाली. मसाला गेला. काकूंनी तो देताना झाकण उघडून बाईंना वास घ्यायला लावला, बाईंनी घेतलाही. कारखान्यात सीलबंद झालेली बाकरवडी आणि चहापूड राहिली. लाकडी खेळणी एकेक करून उलटीसुलटी पाहिली, परत दिली. औषधांचं पत्र वाचलं, गोळ्यांच्या पट्ट्या मोजल्या नाहीत.

गुटीची पिशवी बाईंनी एका पांढऱ्या ट्रेवर रिकामी केली. हिरडा, हळकुंड, जायफळ बोटानं बाजूला सरकवलं. मग मुरडशेंगेच्या पिळाला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं. त्यांनी ती ट्रेवर दोनदा ठोकली. पिठासारखी बारीक तपकिरी भुकटी पडली. बाईंनी काही न बोलता ट्रे काकूंकडे वळवला. सगळी पिशवी गेली. स्वखर्चानं प्रक्रिया करून घेण्याचा किंवा परत पाठवण्याचा पर्याय अशा वेळी काही वस्तूंना मिळू शकतो, पण चाळीस-पन्नास रुपयांच्या गुटीला कोण तो घेणार? सहाण दगडाची, ती राहिली.

शेवटी बूट. काकांनी ते धुतले होते, वरून. तळव्याच्या खाचांत काळी माती वाळून बसली होती. बूट आत नेले, साफ करून, ओले, परत दिले. तोवर काका मोज्यांवर उभे. कारण विचारण्याइतकं इंग्रजी त्यांच्याजवळ होतं. बाईंनी गाईच्या तोंडाकडे आणि खुराकडे हातानं खूण केली, आणि काका चटकन म्हणाले, ‘लाळ्या!’ गावात ती साथ येते तेव्हा जनावर चारा सोडतं, लंगडतं, दूध आटतं, हे त्यांनी गोठ्यात पाहिलेलं. त्या रात्री जेवताना त्यांनी जावयाला गाजरगवताची गोष्ट ऐकवली. ते १९५५ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा दिसलं, परदेशी धान्याबरोबर आलं असं सांगतात, आणि आज सातारच्या त्यांच्या बांधावर ते दरवर्षी उपटूनही संपत नाही. ‘त्या वेळी मुंबईला असं कुणी टेबल टाकून बसलं असतं तर माझी कंबर वाचली असती,’ म्हणाले.

निकाल

टेबलावर गेलेला वेळ साधारण पाऊण तास. गेलं ते: मसाला, गुटी, पेढे, कढीपत्ता, बी. दंड शून्य. व्हिसाला धक्का नाही. बाहेर मुलगी आठव्या महिन्याचं पोट घेऊन दीड तास उभी होती आणि फोन लागत नव्हता, हा खर्च कुठल्या हिशेबात धरायचा ते मला माहीत नाही.

लाडू टार्नीटच्या स्वयंपाकघरात झाले. डिंक तळताना धुराचा अलार्म वाजला, त्याखाली जावई पुठ्ठा हलवत उभा होता. मावसबहिणीला फोनवर काय सांगायचं यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी ‘चिवडा छान होता’ एवढंच सांगितलं गेलं.

परतताना

जुलैमध्ये परतायचं होतं. निघताना आता कार्ड भरावं लागत नाही, ऑस्ट्रेलियानं ते १ जुलै २०१७ पासून बंद केलं. पण निघतानाचा एक फायदा लोक विसरतात: एकाच व्यावसायिकाकडून किमान ३०० डॉलरची, प्रवासाआधीच्या ६० दिवसांत घेतलेली वस्तू सोबत नेत असाल तर तिच्यावरचा जीएसटी विमानतळावर परत मागता येतो. काकांनी पुतण्यासाठी १,४३० डॉलरचा लॅपटॉप नेला. दहा टक्के कर किमतीतच असतो, म्हणजे अकरावा हिस्सा, १३० डॉलर.

ते मिळाले नाहीत. लॅपटॉप मुलीनं तिच्या कार्डावर घेतला, बिल तिच्या नावाचं. १,००० डॉलर किंवा वरच्या बिलावर प्रवाशाचं नाव लागतं, आणि पैसेही त्यानंच दिलेले असावे लागतात. ही माझी दुसरी चूक. मी त्यांना खिडकी कुठे आहे ते सांगितलं, विमानाच्या वेळेआधी अर्धा तास ती बंद होते ते सांगितलं, वस्तू हातातल्या सामानात ठेवा सांगितलं. बिल कुणाच्या नावाचं ते विचारलं नाही.

मुंबईत लॅपटॉपची अडचण आली नाही. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. सोन्याचीही नाही, कारण काकूंनी पाटल्या जाताना लॉकरमध्ये ठेवल्या होत्या आणि गळ्यात होतं तेच घेऊन आल्या. जास्त दागिने नेणाऱ्यांनी जातानाच भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं, नाहीतर परत येताना ते आपलेच आहेत हे दाखवत बसावं लागतं.

काकांना इथल्या एका शेजाऱ्याच्या परसातलं अव्होकाडोचं रोप फार आवडलं होतं. न्यायचं म्हणत होते. भारतातही २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार रोपं-बियाणं परवान्याशिवाय आणता येत नाहीत, हे मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘हां, मग राहू दे. आपल्याकडेही टेबल आहे तर.’

आज हेच करायचं तर

यादी अगदी शेवटी करायला सांगेन. आधी घरातल्यांना विचारेन, नेल्यावाचून कुणाचा जीव राहणार नाही अशा दोन वस्तू कोणत्या, आणि त्या दोन कशा नेता येतील यावर वेळ घालवेन. मसाल्याच्या बाबतीत वेष्टन आणि घटकांचं लेबल असलेलं कारखान्याचं पाकीट सुचवता आलं असतं. काकूंना ते चाललं असतं का? बहुधा नाही. पण विचारायला हवं होतं.

गुटी आणू नका, असं सरळ सांगेन. वाळकी मुळं-फळं घरच्या डब्यात वर्षभर पडलेली असतात, त्यांत कीड नसेल याची खात्री उजेडात धरूनही होत नाही.

बूट नवेच. त्यावर आता चर्चा नाही.

कार्डाचा सराव घरी करून घेईन, प्रत्येक ओळीमागचं कारण सांगून. लाळ्या-खुरकत आणि खपरा ही दोन नावं शेतकऱ्याच्या घरात सांगितली तर बाकीचं फारसं समजवावं लागत नाही, हे मला काकांकडून कळलं. मी त्यांना दंडाची भीती घालत बसलो होतो.

पुडक्याबद्दल मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ‘दुसऱ्याचं घेऊ नका’ हे सांगायला सोपं आहे. आदल्या संध्याकाळी दारात उभ्या राहिलेल्या मावसबहिणीला ते कोण सांगणार? जावयानं एक तोडगा काढलाय, यंदा सासरचे येतील तेव्हा वापरणार आहे: ‘विमान कंपनी म्हणते प्रत्येक पाकीट उघडून वजन करावं लागतं’ असं कारण सांगायचं आणि देणाऱ्याच्या समोरच कात्री घ्यायची. कंपनी असं काही म्हणत नाही. काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘कार्डावर खोटं नको, पण हे चालेल.’